गेंड्याचा तिसरा गिअर

गाडीचं नाव गेंडा. ते कप्तानाने ठेवलं होतं. आणि कप्तानाचं नाव कप्तान, ते त्याच्या मेहुणीने ठेवलं होतं. कधीतरी एका सहलीला निघताना कोणी कुठे बसायचं, कोणी काय उचलायचं आणि कोणी कधी बोलायचं हे त्याने सगळ्यांना वाटून दिलं आणि स्वतः टोपी घालून बाजूला उभा राहिला. मेहुणी म्हणाली, "वा, कप्तान." टोमणा होता. पण टोमणा कळायलाही अंगात थोडी नम्रता लागते. याने तो गौरव समजून खिशात घातला आणि जन्मभर वापरला. प्रत्यक्षात त्याचं रंगाचं दुकान होतं. जहाज सोडाच, होडीचं वल्हंसुद्धा कधी त्याच्या हाताला लागलं नव्हतं.

त्याची बायको मोठ्या दवाखान्यात नर्स. तिला सगळी गल्ली सिस्टर म्हणायची, आणि रागात असल्या की सासूबाईसुद्धा.

गेंडा म्हणजे फोर बाय फोर जीप. उंच, चौकोनी, मागच्या दारावर फोर बाय फोरचा बिल्ला. हा बिल्ला कप्तान दर रविवारी घासायचा, बाकीची गाडी कधीमधी. ज्यांना यातलं कळत नाही त्यांना तो उभं करून समजवायचा: साध्या गाडीची दोनच चाकं ओढतात, बाकीची दोन नुसती सोबत फिरतात. आपल्या गाडीत मोठ्या गिअरशेजारी हा छोटा दांडा आहे. चिखल आला की हा ओढायचा, मग चारही चाकं ओढतात. ऐकणारा मान डोलवायचा. सिस्टर मात्र मूग गिळून बसायची, कारण इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे नेणारा जो लोखंडी शाफ्ट असतो, तो फार घुमतो म्हणून कप्तानाने स्वतःच कधीच काढून टाकला होता. तो आता गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब होता. गेंड्याची फोर बाय फोर ताकद गेली कित्येक वर्षं ओले टॉवेल पेलत होती.

तरीही गेंडा चढ चढायचा, नाही असं नाही. चाकं रुतली की कप्तान छोटा दांडा मोठ्या थाटात ओढायचा, वळून म्हणायचा, "उतरा." मग सिस्टर आणि लेक उतरून धक्का द्यायच्या. गाडी निघाली की कप्तान खिडकीतून सांगायचा, "बघितलंत? फोर व्हील टाकला म्हणून निघाली."

धक्का हे तर झालं संकटातलं काम. रोजची कामंही वाटलेली होती. वायपरची मोटर जळाल्यापासून वायपरला दोरी बांधलेली होती, ती मागच्या खिडकीतून लेक ओढायची. हॉर्न बंद पडल्यापासून ते काम सासूबाईंकडे होतं. त्या काच खाली करून "सरका रे बाजूला" असं ओरडायच्या, आणि खरं सांगायचं तर कंपनीच्या हॉर्नपेक्षा लोक त्यांनाच जास्त घाबरायचे. बाजूच्या सीटचं दार नुसतं ओढून लागायचं नाही, त्याला कमरेचा दणका द्यावा लागे. आणि सगळ्यात अवघड काम त्या सीटवर बसणाऱ्या सिस्टरचं. चढावर तिसरा गिअर निसटायचा. कप्तान "तिसरा" म्हणाला की तिने दोन्ही हातांनी गिअरचा दांडा दाबून धरायचा, चढ संपेपर्यंत. लग्नाला जितकी वर्षं झाली, जवळजवळ तितकी वर्षं ती हे करत होती. तळहाताला घट्टे पडले होते. कप्तान फक्त स्टिअरिंग धरायचा आणि दृश्याचं वर्णन करायचा.

"ही गाडी माझ्याशिवाय कोणाच्या हातात चालणार नाही," तो अभिमानाने सांगे. खरंच होतं. आणखी तीन माणसं लागत.

सिस्टरकडे लायसन्स होतं. कप्तानाच्या मते ते ओळखपत्र म्हणून बरं होतं. त्याला हे माहीत नव्हतं की दवाखान्याच्या लसीकरणाच्या जीपवर एक वयस्कर ड्रायव्हरमामा होते, आणि गाडी गावाबाहेर पडली की ते बाजूच्या सीटवर सरकून सिस्टरच्या हाती स्टिअरिंग द्यायचे. ओढे, दगड, निसरडे उतार, सगळं तिने केलं होतं. घरी बोलली नव्हती. चोरी म्हणून नव्हे, घरात शांतता राहावी म्हणून.

आता या शांततेला सुरुंग लागायची वेळ आली होती. डोंगरावर एक लहान दवाखाना आहे, दहा खाटांचा. त्याची प्रमुख म्हणून यायचं का, असं सिस्टरला विचारलं होतं. वर बस जात नाही. रस्ता म्हणजे ओढ्याने अर्धा खाल्लेला चढ. स्वतःच्या गाडीने येणं-जाणं जमत असेल तरच हो म्हणा, सोमवारपर्यंत कळवा, असा निरोप होता. हीच जागा मागेही एकदा चालून आली होती. तेव्हा कप्तान म्हणाला होता, "मी सोडत जाईन की तुला." पहिल्याच दिवशी, नुसता दवाखाना बघायला जाताना, अर्ध्या चढावर "उतरा" झालं आणि सिस्टर नव्या साडीत चिखलाने माखून, स्वतःची गाडी ढकलत वर पोचली. ओसरीवर बसलेल्या पेशंटांनी उठून तिला पाणी दिलं होतं. तिने नकार कळवून टाकला होता. ती जागा घेतलेली बाई आता निवृत्त होत होती. तिसऱ्यांदा कोणी विचारणार नव्हतं, हे सिस्टरला पक्कं माहीत होतं.

गेंड्याचा शेवट सासूबाईंमुळे झाला. "माझ्या पायाखाली रस्ता दिसतो," त्या एके दिवशी म्हणाल्या.

"आई, हवा येते ना?" कप्तान म्हणाला.

"हवा येते. काल एक चप्पल गेली."

खालचा पत्रा कुजून परातीएवढं भोक पडलं होतं. नवी गाडी आवाक्याबाहेर, म्हणून जुन्यातलीच पण धडधाकट फोर बाय फोर घ्यायची, असं घरात ठरलं. म्हणजे बायकांनी ठरवलं आणि कप्तानाने ते जाहीर केलं.

मग सुरू झाली कप्तानाची पाहणी. आठवडाभर तो गाड्या बघत हिंडला आणि एकेकीला नावं ठेवत परत आला. एकीचा आवाजच येत नाही, चालू आहे की बंद कळत नाही. दुसरी फार गुळगुळीत, हिच्यात जीव नाही. तिसरीची दारं एका बोटाने लागतात, "दार आहे की पडदा?" चौथी किल्ली फिरवताच सुरू झाली, त्यात याला कसलातरी संशय आला. सिस्टर ऐकून घेत होती. तिला वाटत होतं की नवरा चिकित्सक आहे.

शनिवारी ती म्हणाली, "आज आपण सगळे जाऊ. बघू आणि घेऊनच येऊ."

गेंड्याची ती शेवटची सफर. जुन्या गाड्यांच्या दलालाचं आवार गावाबाहेर होतं, पत्र्याचं कुंपण आणि आत गाड्यांच्या रांगा. दलाल गोड बोलणारा, हातात कायम एक फडकं. ज्या गाडीजवळ थांबाल तिचा बॉनेट पुसत म्हणायचा, "डॉक्टरांची गाडी, मॅडम. एका हातात वापरलेली."

पाचव्यांदा हे ऐकल्यावर सिस्टरला राहवलं नाही. "एवढे डॉक्टर या भागात असते तर आम्हाला रात्रपाळीला एक तरी मिळाला असता," ती म्हणाली. "आणि डॉक्टर गाडी कशी चालवतात ते मी रोज गेटवर बघते. डॉक्टरची नसलेली दाखवा."

दलालाने फडकं खांद्यावर टाकलं आणि मुकाट्याने एक करडी जीप दाखवली. रंग थोडा उडालेला, पण टायर चांगले, खालचा पत्रा शाबूत. सिस्टरने वाकून पुढचा शाफ्ट जागेवर आहे का ते आधी बघितलं. होता. ग्रीसही ताजं होतं. गाडी तिच्या मनात भरली.

"बसून बघा ना," दलाल म्हणाला.

चौघं बसले, आणि इथे घात झाला. कोणी काही ठरवलं नव्हतं, पण इतक्या वर्षांची सवय अंगात भिनलेली. सिस्टरने बसता बसता दाराला कमरेचा दणका दिला. नीट तेल घातलेलं दार ते, असं आदळलं की बाहेरचा आरसा सुटून लोंबकळला. लेकीने खिडकीतून अर्धी बाहेर वाकून वायपरची दोरी शोधली आणि सापडेना तेव्हा वायपरच धरून ओढला. समोरून एक मेकॅनिक चाललेला बघून सासूबाईंनी काच खाली केली आणि "सरक रे बाजूला" म्हणून असा आवाज दिला की त्याच्या हातातला पाना पडला. गाडी अजून सुरूही झाली नव्हती.

दलाल आरसा हातात घेऊन उभा राहिला. "मॅडम, दार हळू लावलं तरी लागतं," तो अगदी आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला.

सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कप्तान मात्र खुशीत आला. "बघितलंस? नाजूक आहे. आपल्या घराला झेपायची नाही," असं म्हणून तो खाली उतरला आणि चालू लागला.

आवाराच्या कोपऱ्यात, कुंपणाला टेकून, वेलींनी वेढलेली एक गाडी उभी होती. कप्तान तिच्यापाशी थबकला. उंच, चौकोनी, मागे फोर बाय फोरचा बिल्ला. गेंड्याचा सख्खा भाऊ. कप्तानाने दार उघडलं, ते कुरकुरलं. हॉर्न दाबला, वाजला नाही. त्याचा चेहरा उजळत चालला. किल्ली मागवून त्याने गाडी कशीबशी सुरू केली आणि आवारातल्या चढावर एक फेरी मारली. परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अगं," तो म्हणाला, "हिचा तिसराही निसटतो."

त्या क्षणी सिस्टरला सगळं लख्ख दिसलं. नवरा चिकित्सक वगैरे काही नव्हता. त्याला गाडी नकोच होती. त्याला हवी होती दोरी ओढणारी, दांडा धरणारी, उतरा म्हटलं की उतरणारी माणसं. धडधाकट गाडीत कप्तानाला काम काय? ती कोणीही चालवेल. ती मी चालवेन. म्हणून तर आठवडाभर चांगल्या गाड्यांमध्ये खोड काढणं चाललं होतं. तिला राग आला. मागच्या वेळचा चिखल, ओसरीवरचं ते पाणी, तळहाताचे घट्टे, सगळं एकदम आठवलं आणि तिचे कान तापले.

"हीच घेऊ," कप्तान दलालाला सांगत होता. "हिच्यात जीव आहे."

"जीव आहे, साहेब, पण शेवटचा," दलाल म्हणाला. हा धंद्यात पहिल्यांदाच खरं बोलला असावा.

सिस्टरने आवाज चढवला नाही. वॉर्डात दंगा करणाऱ्या पेशंटशी ती ज्या सुरात बोलते त्या सुरात म्हणाली, "घ्या की. पण आधी ती करडी एकदा टेकाडावर चढवून दाखवा. तुमच्या हातात ती चालली नाही तर मी हूं की चूं करणार नाही."

आवारामागे दलालाने मातीचं टेकाड रचलं होतं. गिऱ्हाइकांना फोर बाय फोर दाखवायचं म्हणून त्यावर रबरी नळीने पाणी सोडून ठेवलेलं. घोडं मैदान जवळच होतं आणि चार मेकॅनिक काम टाकून बघायला आले होते. कप्तानाला नाही म्हणणं शक्य नव्हतं. त्याने टोपी सारखी केली आणि चौघं पुन्हा करडीत बसले.

करडी निम्म्यापर्यंत झोकात गेली आणि चिखलात गुरगुरू लागली. कप्तानाने छोटा दांडा ओढला, नेहमीच्या थाटात, पण ॲक्सिलरेटर तसाच दाबून ठेवून. गच्चीवर शाफ्ट असला की दांडा कसाही ओढला तरी चालतो. इथे खाली खरोखरची दातेरी चाकं होती. आतून करकर असा आवाज आला आणि दांडा जागचा हलेना. मागची दोन चाकं चिखल उडवत जागच्या जागी फिरत राहिली.

कप्तानाच्या चेहऱ्यावर शांत समाधान पसरलं. तो वळून म्हणाला, "उतरा."

लेक उतरलीसुद्धा. सासूबाई कधीच उतरत नसत, त्या बसून राहिल्या. सिस्टर उतरली, पण मागे गेली नाही. गाडीला वळसा घालून ती कप्तानाच्या दारापाशी आली आणि दार उघडलं.

"ब्रेक ओढा आणि तुम्ही उतरा," ती म्हणाली.

"मी?"

"आज धक्का तुम्ही द्या. तुमच्या अंगात ताकद जास्त आहे."

चार मेकॅनिकांसमोर ताकद नाही असं कोण म्हणेल? कप्तान उतरला. जाता जाता म्हणाला, "तुला जमायचं नाही. क्लच हळू सोड." सिस्टरने सीट पुढे ओढली. लेकीला म्हणाली, "तू बाजूला हो गं." नवऱ्याला बाजूला हो म्हणाली नाही.

कप्तानाने मागच्या दाराला खांदा लावला, पाय रोवले आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. सिस्टरने ब्रेकवर पाय ठेवला, क्लच दाबला, गिअर मधे आणला आणि छोटा दांडा अलगद मागे घेतला. खट् करून तो बसला. मग पहिला टाकून हँडब्रेक सोडला. कप्तानाचं "दोन" म्हणून झालं आणि "तीन" म्हणायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात चारही चाकांनी माती धरली आणि गाडी त्याच्या खांद्याखालून निघून गेली.

पडलो तरी नाक वर, असं आपण म्हणतो. इथे नाकच सगळ्यात आधी चिखलात गेलं.

"पडला," सासूबाईंनी मागच्या काचेतून बघून कळवलं. थोडं थांबून म्हणाल्या, "थांबू नकोस हं, चढावर आहेस."

सिस्टर थांबली नाही. टेकाडाच्या माथ्यावर तिने गाडी उभी केली. खाली पत्र्यांची छपरं दिसत होती, आणि पलीकडे तो डोंगर आणि त्याच्या अंगावरून गेलेला अर्धा खाल्लेला रस्ता. तिला आनंद झाला. लहान पोरीला होतो तसा, पोटातून वर येणारा, आणि तो कोणापासून लपवावासा वाटला नाही. तिने हॉर्न दाबला. वाजला. सासूबाई दचकल्या आणि मग थोड्या हिरमुसल्या.

खाली आल्यावर ती दलालाला म्हणाली, "ही घेते. आरसा तेवढा बसवून द्या, मीच तोडलाय."

मग गेंडा द्यायची बोलणी झाली. दलाल गेंड्याखाली वाकला, बराच वेळ वाकून राहिला आणि उठला.

"साहेब, मागे फोर बाय फोर लिहिलंय. पुढचा शाफ्ट कुठे आहे?"

कप्तान रुमालाने कान पुसत होता. त्याला ऐकू आलं नाही, किंवा त्याने तसं ठरवलं.

"गच्चीवर आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण तो देणार नाही आम्ही. कपडे कुठे वाळवायचे?"

चारही मेकॅनिक एकदम कामाला निघून गेले. त्यांच्या पाठी हलत होत्या.

परत निघताना कप्तान सवयीने उजव्या दाराकडे गेला. तिथे सिस्टर बसलेली होती. तो वळसा घालून बाजूच्या सीटवर आला. दलालाने सीटवर वर्तमानपत्रं अंथरून दिली होती, त्यावर तो चिखलाच्या पुतळ्यासारखा बसला. गाडी निघाली. लेक मागे मांडीवर हात ठेवून बसली होती, तिला ओढायला काही नव्हतं. बाजारातून जाताना दुकानदारांनी आधी गाडीकडे बघितलं, मग चालवणारीकडे आणि मग, बराच वेळ, तिच्या शेजारी बसलेल्याकडे.

"रंग बदलून घेऊ हिचा," कप्तान अखेर म्हणाला. "दुकानात चांगला हिरवा आहे."

"बघू," सिस्टर म्हणाली. "सोमवारी मला ही लागेल. मी वर येते म्हणून कळवतेय."

"मी सोडेन की."

"नको."

घराआधीचा चढ आला. इथे दरवेळी कप्तान "तिसरा" म्हणायचा. सिस्टरने तिसरा टाकला आणि हात परत स्टिअरिंगवर नेला. तेवढ्यात शेजारून चिखलाने भरलेला एक हात पुढे आला, मग दुसरा, आणि दोन्ही हातांनी गिअरचा दांडा घट्ट दाबून धरला. कप्तानाने तिच्याकडे बघितलं नाही. तो समोर बघत होता, मान ताठ, कामावर असल्यासारखा. बाजूच्या सीटवर बसलेल्या माणसाने काय करायचं असतं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

सिस्टरने एकदा त्या हातांकडे बघितलं. क्षणभर तिला त्याची कीव आली. चढ अर्धा झाला, मग संपला. पुढे सपाट, मोकळा रस्ता होता. हात तिथेच होते.

"अहो," ती म्हणाली, "हात काढा. मला चौथा टाकायचाय."